अनिताने हात वर केला

धामणखिंडीत नव्या सुनेला कुणी नावाने हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली त्या गावाची असते. म्हशाची, किन्हवलीची, डोळखांबची. लग्नाला दहा वर्षं झाली, पोरं शाळेत जायला लागली, तरी नळावर कुणीतरी विचारणारच, काय गो, म्हशाची दिसली नाय आज? त्यात अपमान नसतो. पण तू बाहेरची आहेस, एवढं त्यात बरोबर सांगून होतं.

अनिता अशी आठ वर्षं करंजखोऱ्याची होती. मग तिने गावात पोरींचा कबड्डीचा संघ उभा केला, पोरी तिला अनिताताई म्हणायला लागल्या, पोरींचं ऐकून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, आणि शेवटी मंडळाचे अध्यक्ष सावळाराम तात्यासुद्धा एकदा चारचौघांत 'आपली अनिता' म्हणून गेले. हे एवढं मिळवायला तिला चार वर्षं लागली. घालवायला किती लागली म्हणाल, तर एक हात वर करायला लागतो तेवढा वेळ.

करंजखोरे म्हशाच्या पलीकडे, मुरबाड तालुक्यात. घरं सत्तर आणि कबड्डीचं वेड सातशे घरांचं. अनिताचा बाप कोंडू तिथल्या वीर हनुमान मंडळाचा शिकवणारा. शिकवणारा म्हणजे पगारी नव्हे. दिवसभर भाताचं, वालाचं बघायचं आणि ऊन उतरलं की गळ्यात शिट्टी अडकवायची. पोरापोरींना आधी माती चाळायला लावायचा, खडे वेचायला लावायचा, पाणी मारून रूळ फिरवायला लावायचा, आणि एवढं करून अंगात जीव राहिलाच तर मग कबड्डी. त्याच्या मंडळात एक रीत होती, ती पंचक्रोशीत दुसरीकडे कुठे नव्हती. समोरच्याचा हात लागला, पाय रेषेबाहेर गेला, दम तुटला, तर पंचाच्या शिट्टीची वाट बघायची नाही. आपला हात आपणच वर करायचा आणि बाहेर व्हायचं.

"पंचाला डोळे दोन," कोंडू म्हणायचा, "आन् मैदानात पाय अठ्ठावीस. त्या बिचाऱ्याने कुठं कुठं बघावं?"

लोक हसायचे. या रीतीपायी करंजखोऱ्याने जिंकत आलेले सामने घालवले, ते गावाला अजून तोंडपाठ आहेत. कोंडूला त्याचं काही नव्हतं. अनिता पंधरा वर्षांची असताना एका सामन्यात तिच्या पाठीला निसटता हात लागला. कुणी बघितला नाही, तीही बोलली नाही. बापाने मात्र बघितला होता. दुसऱ्या दिवशी सरावाला त्याने तिला मैदानाबाहेर दगडावर बसवलं, ते अख्खा हंगाम. ती रडली, दोन दिवस जेवली नाही, आई नवऱ्याशी भांडली. कोंडू म्हणाला, "उपाशी ऱ्हा, पन भायेर बसून ऱ्हा." असला बाप. त्यानंतर अनिताला कुणी सांगावं लागलं नाही. पाय बाहेर गेला की तिचा हात आपोआप वर जायचा, ठेच लागल्यावर तोंडातून 'आई गं' निघतं तसा.

लग्न होऊन ती शहापूर तालुक्यात आली. धामणखिंड आसनगावपासून पाच-सहा किलोमीटर आत. नवरा साईनाथ भिवंडीकडच्या गोदामात कामाला, स्वभावाने गरीब. सासू गोजरबाई मात्र गरीब नव्हती. ऐन तरुणपणी नवरा गेलेला, एकटीने शेती ओढून दोन पोरं मोठी केलेली, जिभेला धार. अनिता पहिल्यांदा ट्रॅकपँट घालून सकाळी बाहेर पडली तेव्हा गोजरबाई पडवीतून म्हणाली, "सून आनली का म्हस आनली मी? धुळीत लोळाया चालली." चार वर्षांत ती एकदाही मैदानाकडे फिरकली नाही. पण सून सरावाला गेली की चुलीवरचं सगळं ती करून ठेवायची, हेही खरं.

मैदान नवजीवन क्रीडा मंडळाचं. ते मिळवायला अनिता तात्यांच्या दारी सात वेळा गेली होती. तात्या एसटीतून निवृत्त झालेले, बोलायला कडक, मनाने वाईट नव्हेत. शेवटी कंटाळून म्हणाले, "सकाळी साडेपाच ते सात. सातला पोरं येतील, त्याच्या आत मैदान मोकळं पायजे. आन् गावाचं नाव खाली जाता कामा नये." अनिताने मैदान घेतलं आणि बापाची सगळी शिस्तही आणली. माती चाळणं आलं, रूळ आला, पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या आल्या. आणि हात वर करणं आलं. वैष्णवी नावाची तिची सगळ्यात गुणी पोर, चढाईला गेली की समोरच्यांची पळापळ व्हायची. तिने एकदा बोटभर स्पर्श लपवला, तर अनिताने तिला दोन सामने बाहेर ठेवलं. वैष्णवीची आई भांडायला आली होती. अनिताने तिला पाणी दिलं, चहा दिला, पण पोरीला घेतलं नाही.

गेल्या माघात शहापूरला दोन्ही तालुक्यांच्या मिळून महिलांच्या स्पर्धा झाल्या. धामणखिंडीच्या पोरी, आणि त्यांच्याबरोबर स्वतः खेळणारी अनिता, एकामागून एक सामना मारत अंतिम फेरीत आल्या. गावातून तीन टेम्पो भरून माणसं आली. आणि समोर संघ कुठला, तर करंजखोऱ्याचा. पलीकडच्या बाकावर गळ्यात शिट्टी अडकवून म्हातारा कोंडू.

मग काय, लोकांना तेवढंच हवं असतं. "अनिता, आज कुनाच्या बाजूनं गो?" सगळे हसत होते, तीही हसली. म्हणाली, "टीशर्ट कुनाचा घातलाय ते बघा ना." सामन्याआधी ती बापाच्या पाया पडली. कोंडूने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नीट खेळ." एवढंच. पण ते पाया पडणं तीन टेम्पोंनी बघितलं.

सामना फार चुरशीचा झाला. शेवटच्या चढाईला दोन्हीकडे सत्तावीस गुण. चढाईला करंजखोऱ्याची नम्रता आली, उंच, लांब हातांची. अनिता डाव्या कोपऱ्यात. नम्रता कोपऱ्यावर आली, अनिता मागे सरकली, पोरीने पाय टाकला आणि अनिताने खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. वैष्णवी वरून पडली, बाकीच्या पडल्या, फक्कीची रेष कुणाच्या पाठीला, कुणाच्या पोटाला लागून पार पुसून गेली. शिट्टी वाजली. चढाई बाद, गुण धामणखिंडीला, सामना संपला. लोक मैदानात घुसले, ढोल सुरू झाला.

अनिता उठली नव्हती. गुडघ्यावर बसून तिने हात वर केला होता.

आधी कुणाला कळलंच नाही. कुणी म्हणालं, लागलं वाटतं. पंच जवळ आले. ती म्हणाली, "पकडीच्या आधी माझी टाच मागच्या रेषेबाहेर गेली होती." पंचांनी रेषापंचाकडे बघितलं. रेषेवर बघ्यांची एवढी गर्दी होती की त्याला काहीच दिसलं नव्हतं. पंच म्हणाले, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." बाहेर गेलेल्या खेळाडूने पकड केली तर चढाई वाचते आणि गुण समोरच्याला जातो. हे कबड्डीतलं शेंबडं पोरही सांगेल. सामना करंजखोऱ्याने अठ्ठावीस-सत्तावीस असा जिंकला.

ढोल थांबला. तीन टेम्पोंमधली माणसं उभी होती तिथेच उभी राहिली. मग कुणीतरी बाई मागून म्हणाली, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "शेवटी माहेराचीच झाली."

झालं. सामना एका गुणाने गेला हे लोक महिन्याभरात विसरले असते. पण पाय बाहेर गेल्याचं कुणी बघितलं नव्हतं, रेष पुसली होती, आणि बापाच्या पाया पडताना सगळ्यांनी बघितलं होतं. माणसाने आपल्या हाताने आपला सामना घालवावा, तो का? शेजारच्या पोराने जांभळं पाडली तर लोक पुरावा मागतील, पण बाई माहेराकडे झुकली म्हटलं की पुरावा कुणी मागत नाही. टेम्पोत पोरी रडत होत्या आणि अनिताशेजारी कुणी बसलं नाही. साईनाथ रात्री एवढंच बोलला, "पंचाने बघितलं नव्हतं तर तुला काय पडलं होतं?"

तिसऱ्या दिवशी समाजमंदिरात मंडळ बसलं. अनिताला बोलावलं. गोजरबाई न बोलावता आली आणि दाराजवळ बसली. तात्यांना खरं म्हणजे प्रकरण मिटवायचं होतं. ते म्हणाले, "पोरी, सोपं हाय. म्हन की गडबडले, घाबरले, हात वर गेला, चूक झाली. एवढं म्हन आन् उद्यापासून सराव चालू कर."

अनिता म्हणाली, "तात्या, पाय भायेर गेला ती चूक माझीच हाय. हात वर केला ती चूक नाय."

मागून एक जण म्हणाला, "समोर दुसरं गाव असतं तर केला असता का?"

इथे अनिता थांबली. उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून नाही. तिने खरोखर मनात दुसरं गाव उभं केलं, दुसरी पोर चढाईला आणली, आपली टाच बाहेर नेली आणि बघितलं. असलं प्रामाणिकपण काय कामाचं? तोंडावर फेकायचं होतं उत्तर. तिने विचार करून सांगितलं, "केला असता." पण तेवढ्या थांबण्यात सगळ्यांना हवं ते कळून चुकलं होतं.

शिक्षा ठरली. एक वर्ष मैदानात पाय ठेवायचा नाही. संघ मोडायचा नाही, वैष्णवीने चालवायचा, पण पोरींबरोबर गावातली कुणी जाणती बाई रोज येऊन बसली पाहिजे. नाहीतर संघ बंद. तात्यांनी बायकांकडे बघितलं. एकेकीने मान खाली घातली. पहाटे साडेपाचला कोण जाणार?

"मी बसन," गोजरबाई दारातून म्हणाली. "आन् एक ऐका. माझी सून खोटं बोलत नाय."

आठवड्याने कोंडू आला. एसटीने म्हशाहून मुरबाड, तिथून कुठून कुठून, बगलेत कापडी पिशवी. पिशवीत करंडक. अनिताला अंगणातच कळलं.

"तुज्या तात्यांना देतो," तो म्हणाला. "सांगतो, हा तुमचा हाय. पोरीला मीच तसं शिकवलंय, दोष माझा."

"बाबा, तुमी तात्यांकडे जायचं नाय."

"का?"

"तुमी माझ्यासाठी बोललात की मी तुमचीच ठरले. कायमची."

कोंडू ओटीच्या पायरीवर बसला. सत्तरीला टेकलेला माणूस, आयुष्यभर पोरांना सांगत आला की खरं केलं की निभावतं. आणि इथे त्याने तोंड उघडलं तर पोरगीच बुडत होती. गोजरबाईने त्याला चहा आणून दिला, तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि स्वतः फाट्यापर्यंत सोडायला गेली. करंडक पिशवीतच परत गेला.

वर्ष सुरू झालं. अनिताने शिक्षा पाळली ती बापाच्या पोरीसारखी. शेताकडे जायची वाट मैदानाच्या कोपऱ्यावरून जाते. डोक्यावर गवताचा भारा असला तरी ती वळसा घालून ओढ्याकडून जायची. पोरं हसायची. साईनाथ म्हणाला, "अगो, एवढं कोन बघतंय?" तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही. पहाटे पाचला मात्र डोळे उघडायचेच. अंथरुणात पडून ती लांबून येणारा पोरींचा आवाज ऐकायची आणि कोण दम लवकर सोडतंय ते ओळखायची.

आणि गोजरबाई? तिला कबड्डीतलं ओ का ठो कळत नव्हतं. डोक्यावर पदर, अंगावर घोंगडी, हातात काठी, अशी ती रेषेबाहेर दगडावर बसायची. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "तुज्या पोरी नुसत्या येकमेकींच्या अंगावर पडतात. यात शिकवायचं काय असतं?" आठ दिवसांनी म्हणाली, "ती उजव्या बाजूची पोर फार घाई करते. समोरची यायच्या आधीच उडी मारते." अनिता पीठ मळत होती. हात थांबवून म्हणाली, "तिला सांगा, पायाकडं नको, कमरेकडं बघ. कंबर फसवत नाय." दुसऱ्या दिवशी गोजरबाईने काठी आपटून ते जसंच्या तसं सांगितलं, आणि पोरी खो-खो हसल्या, कारण म्हातारीने ते सांगताना कमरेवर हात ठेवून दाखवलं होतं.

असं ते चालू झालं. सकाळी म्हातारी बघून यायची, भाकरी भाजताना सांगायची, सून निदान करायची, दुसऱ्या दिवशी औषध मैदानात. पुढे पुढे तर गोजरबाई चुलीपुढे वाटाणे मांडून दाखवायची, ही इथं होती, ही तिथं. पावसाळ्यात सराव शाळेच्या पडवीत झाला, लावणीच्या दिवसांत बंद राहिला, दिवाळीनंतर पुन्हा माती चाळली गेली. वैष्णवीने एकदा निरोप पाठवला, "ताईला सांगा, तिच्याशिवाय जमत नाय." अनिताने उलट निरोप पाठवला, "जमतंय. आजींनी बघितलंय."

आणि गोजरबाई गावभर भांडली. नळावर भांडली, गिरणीत भांडली, शेजारच्या रेश्माच्या हळदीला पाटावरून उठून भांडली. कुणी करंजखोऱ्याची म्हटलं की काठी आपटायची. "माझी सून खोटं बोलत नाय. पाय गेला भायेर म्हनजे गेला." अनिताला हे कुणाकुणाकडून कळायचं. सगळं गाव उलटलं, नवरा गप्प, बाप लांब, पण या घरात एका माणसाला आपलं खरं वाटतं, एवढ्यावर तिने वर्ष काढलं. दुसरं काही नव्हतं तिच्याकडे.

या माघात वर्ष पुरं झालं. संध्याकाळी तात्यांनी गोजरबाईला रस्त्यात गाठून सांगितलं, उद्यापासून येऊ दे तिला. गोजरबाई घरी आली. अनिता पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. म्हातारीने निरोप सांगितला आणि समोर बसून शेंगा सोलायला लागली. अनिताचे डोळे भरून आले. ती काही बोलणार, तेवढ्यात सासू म्हणाली, "येक इचारू? रागावू नको."

"इचारा ना, आई."

"पाय खराच गेलता का गो भायेर? का समोर बाप दिसला न् हात वर झाला?"

अनिताने हातातली शेंग सुपात ठेवली.

"तुमी वर्षभर गावाला सांगताय, माझी सून खोटं बोलत नाय."

"सांगते."

"आन् तुमाला पटलं नव्हतं?"

"नाय पटलं." गोजरबाईने मान वर केली नाही. "मला वाटलं, बापाचं म्हातारपन बघून पोरगी इरघळली. मी पन कुनाची तरी लेक हाय. मी असते तर मी बी तेच केलं असतं."

म्हणजे तिचं खरं मानणारं एकही माणूस नाही. गावात नाही, घरात नाही. वर्षभर ती ज्या एका माणसाच्या विश्वासावर उभी होती, तो विश्वास नव्हताच. तिला राग आला, आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना, कारण याच म्हातारीने थंडीत दगडावर बसून तिचा संघ राखला होता.

"मग भांडलात कशाला येवढ्या?"

गोजरबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "कशाला म्हंजे? तू माझ्या घरची हायस. घरच्या मानसासाठी भांडाया खरं-खोटं कशाला लागतं?"

"मला लागतं, आई," अनिता म्हणाली. "टाच गेलती भायेर. पुरी गेलती."

म्हातारीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"गेली असल," ती म्हणाली. "तुला लागतं, ते दिसलं मला वर्षभर. वळसा घालून जात व्हतीस ना ओढ्याकडनं, भारा घेऊन. तवाच मला कळाया पायजे व्हतं."

अनिता वर्षभरात रडली नव्हती, ती तिथे पडवीत बसून रडली. गोजरबाईने तिला गप्प केलं नाही. शेंगा सोलून झाल्या, दाणे धुवून झाले, मग आतून म्हणाली, "ऊठ आता. उद्या पोरी साडेपाचला येतील, त्यांच्या आधी माती चाळाया पायजे."